गव्हाळ रंगाची ट्यूब

औशाची आमची सुमनआत्या मेकअपच्या दुकानात जाते ती पदराच्या गाठीत मूठभर गहू बांधून.

लग्नाच्या वेळी तिचा रंग ‘गव्हाळ’ सांगितला होता आणि आत्याला मोघम बोलणं चालत नाही. परवा लातूरच्या दुकानात तिनं काउंटरवर गहू पसरले.

“ह्या रंगाचं टिंटेड मॉइश्चरायझर दाखव. बन्सी गहू हाय ह्यो. लोकवनचा रंग देऊ नको.”

“मावशी, सगळ्यात फेअर शेड देऊ का?” दुकानातली मुलगी म्हणाली.

“पीठ न्हाई मागितलं बाई, गहू मागितला.”

शेड जबड्याच्या कडेला लावून उन्हात बघायची असते, हे आत्याला पाठ. पण चारचौघांत स्वतःच्या तोंडाला लावायची लाज. “एकाच घरचा रंग हाय आपला,” म्हणत तिनं मला बाहेर ओढलं. पन्नाशीतला मी, भर बाजारात सूर्याकडे गाल करून उभा. तिसरी शेड गालात मुरली. “ह्ये बघ, दिसंना. हीच घेऊ.”

एवढा खटाटोप कशासाठी, तर पुण्याला नोकरी करणाऱ्या पूजासाठी. आत्याचे यजमान गेल्यापासून फोनवर आईच्या डोळ्यांखाली काळं दिसलं, की ही लेक ‘नोकरी सोडून येते’ म्हणून रडायला लागते.

घरी आल्यावर आत्या आरशासमोर बसली. वाटाण्याएवढं मलम, ओल्या बोटांनी. “घासायचं न्हाई, भाकरीसारखं थापायचं. पर भाकरीला कळू द्यायचं न्हाई.” खरंच, काही लावलंय असं वाटेना. नुसतीच आठ तास झोपलेली बाई.

व्हिडिओ कॉल लागला. “आई, किती फ्रेश दिसतेस गं,” पूजा म्हणाली. आत्यानं विजयानं माझ्याकडे पाहिलं. मीही कौतुकानं फोनसमोर डोकावलो.

“दादा, तुझा एकच गाल तरुण कसा?”

संपलं. आत्यानं मला चिमटा काढला. पूजानं आईचा चेहरा निरखून पाहिला. मग तिनं ओला रुमाल घेऊन स्वतःचे डोळे पुसले. खालून आत्यासारखीच काळी वर्तुळं निघाली.

“मीपण लावते, आई. तुला काळजी नको म्हणून.”

 आत्यानं पदरानं स्वतःचं तोंड खसाखसा पुसलं.

“शेड चुकली तुझी,” ती म्हणाली. “रविवारी ये. गहू देते.”