दिघेसरांचा ओव्हरमॉरो

आमच्या शेजारचे दिघेसर परवा म्हणत नाहीत. ओव्हरमॉरो म्हणतात. तेही कर्जतच्या बाजारात, भेंडी निवडता निवडता.

"उद्या दूध नको रे, ओव्हरमॉरो घाल," असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा भिवपुरीचा दूधवाला गोंधळून माझ्या दारात आला. "वहिनी, सरांचा तो ओवरमोर बुधवारी येतो का गुरुवारी?"

"आज वार कुठला त्यावर आहे रे बाबा. त्यांना परवा म्हणायचंय."

"मंग परवा का म्हनत नाय?"

मीही सरांना तेच विचारलं. सरांनी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे सरळ उत्तर मिळणार नव्हतंच. "ओव्हर म्हणजे पलीकडे. मॉरो म्हणजे मुळात सकाळ, मग त्याचा झाला उद्या. उद्याच्या पलीकडचा तो ओव्हरमॉरो. इतका गोड शब्द इंग्रजांनी टाकून दिला नि बसलेत डे आफ्टर टुमारो करत."

इंग्रजांनी टाकलेलं यांनी कर्जतला कशाला उचलून आणायचं? पण हे मनात. तोंडावर एवढंच म्हटलं, "आपला परवा काय वाईट आहे?"

"बेभरवशाचा आहे. गेलेला की येणारा, कळत नाही," म्हणाले आणि चक्क रागावून आत गेले.

गेल्या आठवड्यात मी त्यांची वाटी परत द्यायला गेले. दिघेकाकू मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. हल्ली त्यांना फार विसरायला होतं. "नीलू कधी गं?" त्यांनी विचारलं. नीलू त्यांची लेक, परदेशात असते. मी आपली समजुतीखातर बोलून गेले, "परवा."

काकूंचे हात थांबले. "परवा? येऊन गेली? आणि मला कुणी उठवलं नाही?" डोळे भरलेच त्यांचे.

सर स्वयंपाकघरातून पळीसकट धावत आले. "ओव्हरमॉरो गं, ओव्हरमॉरो."

"हां. म्हणजे यायचीय अजून." काकू पुन्हा वाल सोलू लागल्या.

सर दारापर्यंत आले तेव्हा मी हळूच विचारलं, "खरंच कधी येतेय?"

"काही कळवलं नाही तिने," म्हणाले आणि पळी पुसत राहिले. मला फार वाईट वाटलं.

काल सर औषधं आणायला गेले, तेवढा वेळ मी काकूंजवळ बसले.

"नीलू कधी गं?"

"ओव्हरमॉरो, काकू," मी म्हटलं.

काकूंनी सोललेल्या वालांतली एक मूठ वेगळ्या वाटीत काढली. "बिरडं फार आवडतं तिला," म्हणाल्या.