आत्याच्या खिडकीतल्या बाटल्या

मुलांना पैसा शिकवावा तर तो रोखपालानेच! निदान रोखपालांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. सगळं आयुष्य बँकेच्या काचेमागे दुसऱ्यांच्या नोटा मोजण्यात गेलेलं. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांनी थोरलीला आणि धाकट्याला समोर बसवलं.

"सोड्याची रिकामी बाटली म्हणजे कचरा नव्हे, पैसा! दुकानात परत दिली की अनामत मिळते, आणि तीच बाटली धुऊन पुन्हा भरतात. घरातल्या सगळ्या हुडकून काढा. मिळेल ते तुमचं!"

"आत पाणी असेल तर?" थोरलीने विचारलं.

"झाडांना घाला!" रोखपाल वर्तमानपत्रामागून गरजले. "थेंबही वाया घालवायचा नाही!"

मुलं परतली ती खिसे खुळखुळवतच. रोखपालांचा ऊर भरून आला.

"शाब्बास! एवढ्या बाटल्या सापडल्या कुठे?"

"स्वयंपाकघरात दोन," धाकटा म्हणाला. "आणि आठ आत्याच्या खिडकीत ओळीने उभ्या होत्या!"

रोखपालांच्या पायाखालची जमीनच सरकली. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, शाळेत संगीत शिकवायची, तीही अजून हंगामी. त्या बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून तिने सूर लावले होते. संध्याकाळी शाळेच्या कार्यक्रमात तिचे विद्यार्थी बाटल्या वाजवणार, आणि ते ऐकून मुख्याध्यापिका ठरवणार, हिला कायम करायचं की नारळ द्यायचा! सध्या ती केस धुवायला गेली होती, एवढंच काय ते नशीब.

रोखपाल मुलांना घेऊन घरच्या सपातांवरच धावले. दुकानात खोक्यांवर खोकी, आणि खोक्याखोक्यात बाटल्या!

"यातल्या आमच्या आठ कुठल्या हो?"

"साहेब, सगळ्या एकाच साच्यातल्या," दुकानदार म्हणाला. "ओळखा तुम्हीच!"

रोखपालांनी खिशातली किल्ली काढली आणि एकेक बाटली वाजवायला सुरुवात केली. टिण! टिण! थोरली कान लावून "ही नव्हे, ही नव्हे" म्हणत होती. रांगेतल्या एक आजीबाई पिशवी खाली ठेवून पुढे आल्या. "ती डावीकडची बघा हो, जरा गोड वाटते!"

"अहो, पण रिकाम्या मी देऊच शकत नाही!" दुकानदार वैतागला. "कंपनीची गाडी मोजून नेते. हव्या तर भरलेल्या घ्या!"

घेतल्या! चांगल्या आठ घेतल्या! रोखपाल त्या गटारात ओतणार, तेवढ्यात धाकटा ओरडला, "बाबा, थेंबही वाया घालवायचा नाही ना?" झालं! दुकानाच्या पायरीवर बसून तिघं सोडा ढोसू लागले. मुलांनी मिळून तीन संपवल्या. उरलेल्या पाच बापाच्या पोटात गेल्या आणि पोटाचा नगारा झाला.

घरी आत्या केसांना टॉवेल गुंडाळून दारातच उभी. "दादा, माझ्या बाटल्या कुठायत?"

"छकुले, मुलांना काही बोलू नकोस. चूक माझी आहे. मीच त्यांना..." इथे एक सणसणीत ढेकर आला. "सगळे सूर झाडांना घातले गं! तुझी नोकरी घालवली मी!" रोखपालांना खरोखरच रडू फुटलं होतं.

आत्या खो खो हसत सुटली. "अरे दादा, भरलेल्या बाटल्या शाळेपर्यंत हिंदकळत कशा नेणार होते मी? त्या मीच आता ओतणार होते! कुठल्या सुराला किती पाणी, याच्या खुणा कागदाच्या पट्टीवर केल्यात. आणि बाटल्या काय, शाळेच्या कँटीनमध्ये ढिगाने पडल्यात!"

रोखपाल मटकन खुर्चीत बसले. इतकं हायसं त्यांना पगाराच्या दिवशीही कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी कार्यक्रम झकास रंगला. मुख्याध्यापिकांनी मंचावरच आत्याला कायम केल्याचं जाहीर केलं. सगळ्यात जोरात टाळ्या रोखपालांच्या; ढेकर मात्र त्यांनी रुमालात दाबून धरले.

घरी परतताना त्यांच्यातला गुरुजी पुन्हा जागा झाला. "काय मग मंडळी, आज पैशाबद्दल काय शिकलात?"

"बाटली परत दिली की नाणं मिळतं," धाकटा बोटांवर मोजत म्हणाला, "आणि बाबा घाबरले की सोडा मिळतो! बाबा, उद्या पुन्हा घाबराल का?"