सुग्रीवची नाडी आबाच्या मनगटावर

केदारखेड्यात सुग्रीवसारखा कबड्डीपटू झाला नाही आणि होणार नाही, असं सगळं गाव म्हणायचं. सगळं गाव म्हणजे स्वतः सुग्रीव! गेल्या साली अंतिम सामन्यात तीर्थपुरीवाल्यांनी त्याला घोट्याला धरून, रेड्याला चिखलातून ओढावं तसं मध्यरेषेवरून मागं ओढलं होतं. यंदा ढाल आणायचीच, हे त्यानं त्याच दिवशी ठरवलं.

आणि ऐन सामन्याच्या तोंडावर ताप आला. असला फणफणला की कपाळावर भाकरी शेकून निघाली असती! ताप उतरला, पण हापशापर्यंत गेलं तरी धाप लागायची आणि छातीवर कोणीतरी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं.

ताप उतरला की माणूस बरा झाला, असं आपल्याकडं मानतात. हा निव्वळ अडाणीपणा आहे, आणि तो शिकलेल्यांतही पोत्यानं सापडतो! भोकरदनच्या आकांक्षा डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "अशा तापानंतर कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. जालन्याला जाऊन ईसीजी, टू-डी इको आणि रक्ताची तपासणी करा. तोवर पळायचं नाही, खेळायचं नाही."

"मॅडम, फक्त फायनल..."

"मरायचंय का?"

"न्हाई."

"मग घरी बसा!"

"बराबर," म्हणून सुग्रीवनं मान डोलावली आणि तपासण्या फायनलनंतर करायचं मनात पक्कं केलं.

पण घरात शिवकन्या होती. तिनं पुण्याच्या भावाकडून सिमकार्डवालं घड्याळ मागवून नवऱ्याच्या मनगटाला बांधलं. नाडी किती पळते, माणूस कुठं आहे, सगळं तिच्या मोबाइलवर दिसणार. नाडी चढली की मोबाइल बोंबलणार.

"आन् काढून ठिवलं तरी कळतंय मला!" ती म्हणाली.

म्हणजे घड्याळाला दुसरं जितं मनगट पाहिजे. ते घरातच होतं.

फायनलच्या दिवशी "आबाजवळ मेंढरं राखत बसतो" असं सांगून सुग्रीव शाळेमागच्या माळावर गेला. त्याचा बाप राधाकिसन लिंबाखाली बसला होता.

"आबा, हे हातात घाला. आन् उठायचं न्हाई, बिलकुल!"

"आन् मेंढरं?"

"मेंढरं कुठं पळून राह्यली?"

एवढं म्हणून सुग्रीव शाळेच्या मैदानात पळाला. इकडं शिवकन्येच्या मोबाइलवर नाडी गाईसारखी गरीब चालली होती. शहाणा झाला माझा नवरा, असं तिला वाटलं. बायकांना असं फार वेळ वाटू देत नाहीत आपल्याकडं!

थोड्याच वेळात मोठा मेंढा शेजारच्या हरभऱ्यात घुसला. आबा उठला, धोतर खोचलं आणि सुटला. तिकडं मोबाइल बोंबलला. शिवकन्येनं आकांक्षा डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम! ह्यांची नाडी लई पळून राह्यली!"

"ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा!" डॉक्टर म्हणाल्या.

रुग्णवाहिका सामन्यासाठी शाळेपाशीच उभी होती. शिवकन्येनं गाडीवाल्यांना फोनवर सांगितलं, "माळावर बघा, हातात काळं घड्याळ हाय." गाडी कोकलत माळावर आली. आबानं मागं वळून पाहिलं. मेंढा लोकांच्या हरभऱ्यात आणि सरकारी गाडी मागं! त्याच्या डोक्यात एकच आलं: कोंडवाड्यावाले आले, आता मेंढरं धरून नेणार!

"बाबा, थांबा! पळू नका!" गाडीतले दोघं ओरडले.

"मेलो तरी देणार न्हाई!" आबा आणखी जोरात सुटला.

आबा जितका पळे, तितका मोबाइल बोंबले. आबा पोराच्या आसऱ्याला थेट मैदानात घुसला. धनी पळाला म्हणून सगळी मेंढरं त्याच्यामागं, आणि त्यांच्यामागं स्ट्रेचर!

मैदानात सुग्रीवची चढाई चालू होती. "कबड्डी, कबड्डी..." दोन गडी बाद केले, आणि छातीवरचा गुडघा एकदम जड झाला. तोंडचा शब्द तुटला. समोर माणसं हायेत का मेंढरं, ते कळेना. खरंतर दोन्ही होती! तो मटकन खाली बसला.

गाडीतल्या दोघांनी आबाला धरून स्ट्रेचरवर आडवा केला. तेवढ्यात शिवकन्या स्कुटीवर धापा टाकत आली. तिनं आबाचं मनगट पाहिलं, नवऱ्याचा पांढरा चेहरा पाहिला.

"अहो, म्हाताऱ्याला सोडा! मरणारा तिकडं बसला!"

जालन्यात ईसीजी झाला, इको झाला. हृदयाला सूज होती. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडं खेळला असता, तर हृदय तिथंच बंद पडलं असतं." सोबत आणलं म्हणून आबालाही तपासलं. काहीच निघालं नाही!

ढाल तीर्थपुरीला गेली. त्यांनी हरकत घेतली होती की केदारखेड्यानं ज्यादा खेळाडू उतरवले, आणि पंचांनी ती मानली!

सुग्रीवनं मात्र हट्ट सोडला नाही, फक्त त्याची दिशा बदलली. कित्येक महिने तो नुसता बसून राहिला. मग पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच चालणं सुरू झालं. आता तो रोज घड्याळ बांधून माळावर आबामागं चालतो.

"आबा, जरा हळू!"

"घड्याळ काय म्हणतंय?"

"थांब म्हणतंय."

"मंग बस तिथंच लिंबाखाली," आबा धोतर खोचत म्हणतो, "मी येतो पळून."