वाघमाऱ्यांचं बाथरूम

दुसऱ्याच्या बाथरूमला न विचारता हात लावू नये, एवढी साधी गोष्ट मला बासष्टाव्या वर्षापर्यंत कळली नव्हती. आता पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर बसून तेव्हाच्या त्या तरुण, उत्साही बाईकडे बघते तेव्हा वाटतं, हिला कुणी खुर्चीला बांधून कसं ठेवलं नाही? गुडघे चालत होते ना तिचे! सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

पण त्या घोटाळ्याआधी वाघमारे सांगायला हवेत.

मुलाच्या नोकरीमागून मी पुण्याहून तेलुगू मुलखातल्या कुकटपल्लीला आले, तर समोरच्याच दारावर मराठी पाटी! मी लगेच लाडवांचा डबा घेऊन बेल दाबली. दार उघडलं ते एका उंच, सडपातळ गृहस्थांनी. मूळचे नांदेडकडचे, इथल्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून उभी हयात काढलेले. मला वाटलं, आता 'बसा' म्हणतील.

"या अक्का," ते म्हणाले, "आधी बाथरूम बघून घ्या."

पुण्यात मी जन्मभर 'मॅडम' होते. इथं दारात पाय टाकल्याटाकल्या अक्का झाले आणि थेट न्हाणीघरात गेले. लोक आल्यागेल्याला देवघर दाखवतात, परदेशातल्या मुलाच्या गाडीचा फोटो दाखवतात. वाघमाऱ्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची इतकी देखणी मूर्ती होती, पण ती त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही. पाहुणा आला की आधी बाथरूम. गॅसचा सिलेंडर घेऊन येणाऱ्यालाही ते चुकलं नाही.

आणि बाथरूम तरी केवढं? चार बाय पाच. दोन माणसं आत उभी राहिली तर तिसरा विचारसुद्धा मावायचा नाही. पण त्यात काय काय होतं! उजव्या हाताला अंगाला लावायचं, डाव्या हाताला फरशीला लावायचं, हा पहिला कायदा. फिनेल आणि घासायचा ब्रश पार खाली, कडी लावलेल्या कप्प्यात. बादली सरकू नये म्हणून फरशीवर सिमेंटचं गोल कडं. बसायचं स्टूल स्क्रूनं जमिनीला जखडलेलं. दारापासून नळापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर ताणलेली नायलॉनची दोरी. आणि फळीवरच्या प्रत्येक बाटलीला रबरबँड. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

"दोरी कशाला हो भाऊ?"

"धरायला."

"आणि हे रबरबँड?"

"असू द्या की. वस्तूला घर पायजे, आन घराला नंबर पायजे."

एवढं बोलून त्यांनी दिवा बंद केला. मी किंचाळले.

"घाबरू नक्को अक्का. खोबरेल द्या मला."

मी अंधारात चाचपडून एक बाटली पुढे केली. दिवा लागला. माझ्या हातात डोक्याला लावायचा शाम्पू होता.

"फेल!" वाघमारे इतक्या आनंदानं म्हणाले की आमच्या शाळेतला गणिताचा मास्तरही त्यांच्यापुढं दयाळू वाटावा.

त्यांची बायको शकूताई स्वयंपाकघरातून हसत म्हणाली, "बसू द्या की हो त्यांना. सगळ्यांची परीक्षा घ्यायलेत!" ताठ कण्याची, पांढऱ्या वेणीची बाई. चहा असा करायची की दुसरा कप मागायची लाज वाटू नये. पण घराबाहेर पडली की वेगळीच. सदा नवऱ्याच्या दंडावर हात. जिन्यात समोरून गेले तरी मी बोलल्याशिवाय ओळख द्यायची नाही. मी घरी येऊन निकाल दिला: नवरा विक्षिप्त आणि बायको गर्विष्ठ. शिवाय दोघं कंजूष, कारण ती आंघोळीला गेली की बाथरूमच्या दारावरच्या झडपेतून उजेड दिसायचा नाही. माझ्या सुनेनं एवढंच म्हटलं, "आई, तुम्ही त्यांच्या झडपेकडे का बघता?" सुनांना काही कळत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

त्याच सुमारास मला फोनवर ते व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. छोट्या घरात पसारा कसा आवरावा, एकसारख्या बरण्या, एकसारख्या बाटल्या, वर लेबलं. आमच्या घरी आवरून आवरून सुनेनं हात जोडले, तेव्हा माझी कला बेकार झाली. आणि नेमके वाघमारे नवराबायको पुतण्याच्या लग्नाला नांदेडला गेले. नळाला मंजिरा नदीचं पाणी दिवसाआड यायचं, म्हणून ड्रम भरायला चावी माझ्याकडे. चावी ड्रमची होती, मी ती राज्याची समजले.

काय काय केलं मी! पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या बाटल्या आणल्या. शाम्पू, तेल, कपड्यांचं लिक्विड, सगळं त्यांत ओतलं. ते कळकट रबरबँड कचऱ्यात टाकले. दोरी कापली, कारण ती 'लूक' बिघडवत होती. आणि सगळ्यांवर लेबलं चिकटवली, माझ्या वळणदार अक्षरात: खोबरेल, केशप्रक्षालक, वस्त्रप्रक्षालक. माझी नात दारात उभी राहून अक्षरं लावत होती. "आजी, हे कोण वाचणार?" तिनं विचारलं. मी तिला मातृभाषेवर असं काही सुनावलं की पोरगी रडकुंडीला आली.

रात्रीच्या गाडीनं ते पहाटे परत आले आणि शकूताई आधी आंघोळीला गेली. मी कौतुकाची वाट बघत दाराशीच घुटमळत होते. तेवढ्यात समोरून शकूताईचा आवाज आला. "अहो! अहो, कुठंय सगळं? दोरी कुठंय?" असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळानं वाघमारे माझ्या दारात उभे. लुंगी ओली, हातात माझी एक पांढरी बाटली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"रबरबँड कुठंयत, अक्का?"

"टाकले की. आता लेबलं आहेत ना! वाचलं की लगेच..."

"तिला दिसत नाही, अक्का."

काचबिंदूनं शकूताईची नजर हळूहळू गेली होती. आता उजेड तेवढा जाणवायचा. ओळखीच्या घरात ती सराईत वावरायची, म्हणून माझ्यासारख्या चाणाक्ष बाईला पत्ता लागला नाही. बंगळूरचा मुलगा कधीपासून मागं लागला होता, फ्लॅट विका आणि इकडे या, आईला आंघोळ घालायला बाई ठेवू. शकूताईनं त्याला एकच अट घातली होती: माझी आंघोळ माझी मला करता येते, तोवर मी माझ्या घरात. वाघमाऱ्यांचं सगळं स्टोअर त्या एका वाक्याच्या राखणीला होतं. दोरी, कडं, रबरबँड. आणि पाहुण्यांची ती परीक्षासुद्धा. अंधारात परक्या माणसाचा हात कुठं चुकतो, ते बघून ते बाटल्यांच्या जागा सुधारायचे.

मी आत गेले. शकूताई पलंगावर बसली होती. कपड्यांच्या लिक्विडनं केसांचा साबणी गुंता झालेला, डोक्याला पंचा.

"बास झालं आता," ती नवऱ्याला म्हणाली. "पोराला फोन लावा. म्हणावं, ये आन घेऊन जा."

वाघमारे फोनकडं गेले नाहीत. भिंतीला टेकून नुसते उभे राहिले.

"शकूताई," मी म्हटलं, "फोन उद्या करा. आजचा दिवस मला द्या."

"तुमाला? तुमीच तर वाट लावली!"

"म्हणूनच तर."

आधी मी तिचे केस धुतले. मग घरी जाऊन कोथिंबिरीच्या जुड्यांचे जमवलेले सगळे रबरबँड घेऊन आले. वाघमाऱ्यांनी नवी दोरी बांधली आणि माझ्या डोळ्यांवर गमछा आवळला. "आधी तुमाला सापडू द्या अक्का. मग तिला." मी नळावर कपाळ आपटलं. साबण समजून टाचा घासायची वजरी गालाला घासली. शकूताई दारात बसून ऐकत होती. वजरीला ती जी हसली, ती हसतच राहिली.

मग हळूच म्हणाली, "खरं सांगू का अक्का? ते तेल डाव्या हाताला पायजे. माझा उजवा खांदा वर जात नाही."

वाघमारे तिच्याकडं वळले. "मग इतके दिस बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेनं लावलं होतं तुमी. कसं बोलू?"

ज्या माणसानं साऱ्या कुकटपल्लीची परीक्षा घेतली, त्याचं, जिच्यासाठी हे सगळं होतं तिलाच विचारायचं राहून गेलं होतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला. पहिला कायदा मोडला आणि तेलाची फळी डाव्या भिंतीवर आली. त्या दिवशी शकूताईनं आणखी तीन-चार गोष्टी हलवायला लावल्या. हक्कानं. मी आणि वाघमारे तिचे नोकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत गेली. दार लागलं. पॅसेजमध्ये वाघमारे स्टुलावर पेपर उघडून बसले, मी शेजारी खुर्ची ओढली. पाणी पडल्याचा आवाज आला, मग थांबला. बराच वेळ काहीच नाही. मी उठायला लागले, तर त्यांनी हातानं खाली बसवलं.

"अहो," आतून हाक आली, "तेल घावलं! अक्का असतील तिथं तर चहा टाका म्हणावं, माझा हात आज तेलकट हाय."

मग पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि त्यात तिचं गुणगुणणं. बंगळूरला फोन लावायचं कुणी नाव काढलं नाही. मी चहा टाकून आले, तर वाघमारे पेपरची घडी घालत होते. आतलीला ऐकू जाऊ नये म्हणून ते माझ्याकडं वाकले आणि म्हणाले,

"रोजच बसतो मी हितं, अक्का. पेपर नुसता धरायला. एक अक्षर डोक्यात जात नाही. आज तुमी बाजूला होता, तर पैल्यांदा सगळा वाचून झाला."