भिकूतात्यांचा सातवा दगड

भिकूतात्या कुणाच्याही घरी गेले, की आधी मागीलदारी जाऊन धुण्याचा दगड उलटा करत. धुणं चालू असलं तरी. आमच्या हिच्यावरही ती पाळी आली.

"उठ गो बाय, दगड बघूचो आसा."

"तात्यानू, पातळ तरी पिळूक देवा."

"पीळ, पीळ. माका घाई नाय," म्हणत ते दगडाची कड धरूनच बसले.

गावात ज्यूंचं एकच घर होतं, तेल्याचं. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवारतेली. त्यांच्या माडांपलीकडे त्यांच्याच सात कबरी. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत एका कंत्राटदाराने सड्यावर टेहळणीची चौकी बांधली, तिच्यासाठी कबरींचे दगड उपटून नेले. लढाई संपली, चौकी पडली, आणि इतके गुळगुळीत दगड मोकळे पाहून अख्ख्या गावाला धुण्याची आवड लागली.

पुढे तेली कुटुंब इस्रायलला गेलं. जाताना थोरल्या रूबेनने, दगड शोधून परत बसवायला म्हणून, सातही नावं आपल्या लिपीत कागदावर लिहून तात्यांना दिली. तात्यांना त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. ते दगडाशेजारी कागद धरून ओळखपरेड घ्यायचे.

सहा दगड मिळाले. एक गिरणीच्या पायरीतून, एक शाळेतून. त्यावर उभं राहून हेडमास्तर झेंडावंदनाचं भाषण करत. तात्यांनी तो भाषण चालू असतानाच मागितला. सातवा, रूबेनच्या आईचा, लेआबाईचा, काही मिळेना.

मिळाला तो शेजारच्या वाडीत, वडाखाली, शेंदूर फासलेला. अक्षरं कुणाला वाचता येईनात, तेव्हा देवच असणार, असं वाडीने ठरवलं होतं. वर्षाला एक कोंबडा.

"कोंबो खाय ती," तात्या म्हणाले, "पण तिच्या रीतीन कापलेलो."

वाडीचे मानकरी गावकर बधेनात. "देव असो उचलूचो नाय. गाऱ्हाणा घाल. कौल मिळालो तर ने."

देवळात तात्या जन्मात एकदाच गेले होते, पायरी उलटी करायला. पण वडाखाली हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, तू देव नाय."

"व्हय म्हाराजा," वाडी सवयीने म्हणाली.

"तू लेआबाय. घाण्यावरची."

"व्हय म्हाराजा."

"माझी आवस माका जल्म देवन गेली. तुया माका पदराखाली घेतलंस. एका बाजूक रूबेन, एका बाजूक मी. रूबेनाक आता येवक जमाचा नाय. मी आसंय मां हंय. घराक चल, आये."

पुजारी दगडाला चिकटवायची कौलाची फुलं ओली करून उभा होता. गावकरांनी त्याला हाताने बाजूला सारलं.

"पहार हाडा रे," ते म्हणाले. "आणि सांभाळून. म्हातारी आसा ती."