भिकननानांचा ताणकाटा

भिकननानांचं नाव आधी घेते, मग काय झालं ते सांगते. ते नसते तर मी आज जळगावात नसते. मालवणकडच्या आमच्या वाडीत परत जाऊन काजू फोडत बसले असते.

नाना माझे घरमालक. वय अडुसष्ट, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत आकड्याला टांगून वजन करायचा ताणकाटा. उमेदीची सगळी वर्षं ते एका जिनिंगमध्ये मापाडी होते. कापसाची गाठोडी आकड्याला लटकवता लटकवता त्यांचं असं झालं, की टांगून बघितल्याशिवाय जगातली कुठलीच वस्तू त्यांना खरी वाटत नाही. कोबीचा गड्डा, गॅसची टाकी, व्याह्यांनी पाठवलेला फराळाचा डबा, सगळं अंगणातल्या निंबाच्या फांदीला एकदा लोंबकळून मगच घरात जातं. मी खोली बघायला आले तेव्हा त्यांनी आधी माझी ट्रंक टांगली. अकरा किलो भरली. एवढ्यावर परक्या गावात कसं भागणार, असं ते काट्याकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही. मग मी समुद्राकाठची आहे हे कळल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "समुद्रनं पानी जड ऱ्हास म्हनतस. खरं शे का?"

मी म्हटलं, खारट असतं एवढं माहीत आहे. त्यांची निराशा झाली. एवढ्या मोठ्या समुद्राजवळ राहून कुणी एक बादली तोलली नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं.

माझी शाळा आठवीत सुटली. हाताला आंब्याची कलमं बांधायची सवय होती, त्या जोरावर इथे केळीच्या रोपवाटिकेत काम मिळालं. रोपवाटिका गिरणेच्या पुलापलीकडे. बायकांना न्यायला गाडी यायची, ती एक दिवस बंद झाली. मुकादम म्हणाले, सातला शेडमध्ये हजर राहता येत असेल तर बघा, नाहीतर जवळपासच्या बाया पुष्कळ आहेत. स्कूटी घ्यावी तर लायसनची परीक्षा आली, आणि परीक्षा म्हटलं की मी अजून पळ काढते. कुणीतरी सांगितलं, बॅटरीच्या सायकलीला लायसन लागत नाही.

दुकानात जायला सोबत म्हणून नाना आले. तिथल्या टाय लावलेल्या माणसाने तीन सायकली दाखवल्या. एक जाड टायरची, दिसायला रेड्यासारखी. एक घडी होणारी, चिमुकली. तिसरी ट्रेकिंगची म्हणे: मागे कॅरिअर, पुढच्या चाकाला झटके झेलणारा चिमटा, गिअर, रोज कामालाही चालेल आणि रविवारी लांब फिरायलाही. ते 'रविवारी' माझ्या मनात बसलं. रविवारी खोलीत एकटी बसले की मला लाटांचा आवाज यायचा.

तो माणूस वॅट, किलोमीटर, पायडलला पाच प्रकारची मदत असं सगळं छापील कागदावरून वाचत होता. मी मान डोलवत होते, कळत काही नव्हतं. नानांनी कागद हातातून काढून घेतला.

"कागदवर लिखेल काय बी ऱ्हास," ते म्हणाले. "चालू शे तोपावत बठ्ठ्याच गाड्या चांगल्या. बंद पडनी ते?"

आणि त्यांनी पिशवीतून काटा काढला. दुकानाच्या शटरच्या कडीला तिन्ही सायकली टांगल्या गेल्या. बाहेर माणसं जमली. रेडा तीस किलोच्या वर गेला, तो बाद. चिमुकलीचं चाक एवढंसं, पुलावरच्या सांध्यात अडकेल म्हणून तीही बाद. ट्रेकिंगवाली साडेतेवीस भरली. कागदावर बावीस होती. नानांनी त्या माणसाकडे नुसतं बघितलं, तो टाय सैल करू लागला. मग बॅटरी बंद ठेवून मला ती दुकानासमोरच्या चढावर तीनदा ढकलायला लावली. मी घामाघूम झाले. नाना म्हणाले, हीच घ्या.

घरी आल्यावर त्यांनी नियम घातले. पुलाचा चढ येईपर्यंत बटण दाबायचं नाही, बॅटरी चढासाठी राखायची. रात्री बॅटरी काढून चार्ज करायची आणि सकाळी ती नाना बसवणार, कारण ते कुलूप खटकन वाजलं की मी दचकते.

पहिला आठवडा छान गेला. पण नानांच्या डोक्यात एक किडा वळवळत होता: चार्ज केल्यावर बॅटरीचं वजन वाढतं का? रविवारी संध्याकाळी त्यांनी ती रिकामी तोलली, सोमवारी पहाटे भरलेली तोलली. काटा तिथेच. त्यांना काही ते पटेना. खात्री करायला ती निंबाला तशीच टांगून ते चष्मा आणायला घरात गेले. मला वाटलं, बॅटरी बसवून झाली. मी निघाले.

वाटेत सायकल हलकी वाटत होती. मी खूश झाले, म्हटलं पायांत जोर आला. पुलाचा चढ आला, बटण दाबलं. काहीच नाही. खाली बघितलं तर बॅटरीच्या जागी खाच.

बाजूने ट्रक घोंघावत चाललेले. पावणेसात झालेले. मला रडू आलं, पण रडायला थांबले असते तर सात वाजले असते. उतरले आणि ढकलू लागले. माथ्याजवळ पोचत होते तेवढ्यात मागून घंटी ऐकू आली. नाना. त्यांच्या जुन्या सायकलवर, कॅरिअरला कापसाच्या पोत्यात बॅटरी बांधलेली, टोपी कुठेतरी पडलेली.

मला वाटलं, बॅटरी लगेच देतील. ते नुसतेच बाजूने चालत राहिले, धापा टाकत. माथ्यावर आल्यावर विचारलं, "एकलीनी आनी?"

"एकटीनेच, नाना."

"मंग व्हयनं."

ते बॅटरी बसवू लागले. सायकलकडेच बघत ते सांगू लागले. त्यांची मुलगी सुनंदा सुरतेला नर्स आहे. तिची गाडी एकदा आडरस्त्याला बंद पडली, दोन तास एकटी ढकलत गेली. नानांना ते आठ दिवसांनी फोनवर कळलं. गाडी नानांनीच पसंत केली होती, रंग बघून.

"ती टांगी नव्हती मी," ते म्हणाले.

कुलूप खटकन वाजलं. मी दचकले नाही. सातला दोन मिनिटं कमी असताना शेडमध्ये पाय ठेवला. मुकादमांनी घड्याळाकडे पाहिलं आणि रोपांचा ट्रे माझ्या हातात दिला.

आता रविवारी मी धरणगावापर्यंत जाऊन येते. परतताना नाना पुलाच्या अलीकडे उभे असतात. हवा खायला आलो म्हणतात, मी हो म्हणते.

त्यांचे उपकार माझ्याच्याने काट्यावर तोलले जायचे नाहीत. पण एक ठरवून ठेवलंय. कधीतरी नानांना आमच्या वाडीला घेऊन जाईन, सुरतेहून सुनंदाताईंनाही बोलावून घेईन. भरतीच्या पाण्यातून एक बादली भरून आणेन आणि नानांच्या आकड्याला अडकवेन. काट्यावरचा आकडा सुनंदाताईंनी वाचायचा.