दिगांबरभाऊंचा तीन-चार-तीनचा मांडव

नवरदेवाच्या आजीला भर मांडवात खुर्चीवरून उठवणारा माणूस मी एकच पाहिला.

"आजी, उठा इथून. ही दाराजवळची रांग हाय. इथं म्हाताऱ्या माणसाले बसता येत नाही."

"काऊन रे मुडद्या?"

"विमान पाण्यात पडलं तर दार कोण उघडंल? तुमी?"

आजीसकट आख्खं वऱ्हाड गार. मीसुद्धा. मे महिना, आमच्या धामणगाव बढ्याच्या विहिरींनी तळ गाठलेला, आणि हा माणूस विमान पाण्यात पाडतो!

दिगांबरभाऊ आमच्या गल्लीतले मंडपवाले. नववीत शाळा सोडलेल्या मला कोणी दारात उभं करेना, तेव्हा यांनीच कामाला घेतलं आणि पुढं कितीतरी वर्षं सांभाळलं. म्हणून कितीही हसू आलं तरी मी तोंडावर हसलो नाही. भाऊ जन्मात विमानात बसले नव्हते. पण जेवतानाही मोबाइलवर मोठाल्या विमानांच्या आतले व्हिडिओ चालू. लग्नातल्या खुर्च्या त्याच हिशोबानं मांडायच्या: तीन, मग वाट, चार, मग वाट, पुन्हा तीन. बारसं असलं तर विमान लहान, दोन-चार-दोन.

भाऊंची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "अवो, लोकं जेवाले येतात, उडाले नाही!"

एकदा ऐन लग्नसराईत त्यांनी गोदामातल्या सगळ्या पांढऱ्या खुर्च्या विकून टाकल्या. फक्त लाल ठेवल्या. मी डोक्याला हात लावला.

"मोठ्या कंपन्यायचा ताफा पाह्य बे. एकाच जातीचे विमानं. एक बिघडलं का दुसऱ्याचा पार्ट लागते."

"पण भाऊ, खुर्चीला कुठला आला पार्ट?"

"पाय हाय ना!"

मग चुलतभावाच्या ओळखीनं मला आखातात गोदामाचं काम लागलं. तिकीट हातात आलं आणि माझी झोप गेली. शिडीच्या टोकावर उभं राहून झालर बांधणारा मी, पण विमानाचं नाव निघालं की विषय बदलायचो. घर सगळं त्या नोकरीकडं डोळे लावून बसलेलं, आणि मी बायकोला सांगून मोकळा झालो, "मी नाही जात."

हे भाऊंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या दारापुढं मांडव घातला, खुर्च्या लावल्या आणि गल्ली बोलावून बसवली. मला कडेची जागा. खिडकी पाहिजे म्हणून नव्या कोऱ्या कनातीला कात्रीनं गोल भोक पाडलं. मंडपवाला, आणि स्वतःचीच कनात कापतो!

माझ्या कमरेला सुतळी बांधून भाऊ शेजारी बसले. "आता धावून राह्यलं. आता उचललं. पोटात गोळा येईन. येऊ दे, काई होत नाही."

मागून शांतामावशी ओरडल्या, "दिगांबर, मले मळमळून राह्यलं, उतरव रे बाप्पा!"

गल्ली खो खो हसली. बऱ्याच दिवसांनी मीही हसलो. आणि गेलो.

इथं आखातात पोहोचल्यावर खोलीवरून पहिला फोन घरी केला, दुसरा भाऊंना. मी सगळी उत्तरं पाठ करून ठेवली होती: विमान कोणतं, रांगा कशा, शेपटाकडं तिनाच्या दोनच खुर्च्या कशा होतात. भाऊंनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. मी चक्रावलोच.

"बाजूले कोण होतं?"

"केरळकडचे एक काका होते, भाऊ."

"उडतानी हात धरू देल्ला का त्यायनं?"

"हो. त्यांनीच धरला."

भाऊंनी फोन काकूंकडं दिला. काकू बोलल्या, "बरं झालं बाप्पा, लवकर फोन केला. तू गेल्यापासून हे व्हिडिओ बंद करून, मोबाइल उपडा टाकून बसले होते, जेवलेबी नाही. आता कुठं ताट वाढ म्हणून राह्यले."